आर्या मुदिता, माझी आई

आई,

परवा विहारात तुझं जलदान झालं. तू गेल्याला सात दिवस झाले होते. दिंडोरी रस्त्यावरच्या त्या टेकडीवर इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. मनमाडहून रेल्वे क्वार्टरमधल्या बायका आल्या होत्या, नामपूरहून तुझे दोन भाचे आले होते, तुझ्या जावयाच्या, विलासच्या कंपनीतले चौघे होते आणि द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या बायका तर सकाळपासूनच पायऱ्यांवर बसून होत्या. वंदना झाल्यावर विहाराच्या प्रमुख भिक्खुणी, थोरल्या आर्याजी म्हणाल्या, "सुजाता, आता तू दोन शब्द बोल."

मी कागदावर लिहून नेलं होतं. तुझा जन्म, तुझी नोकरी, तुझी दीक्षा, सगळं ओळीने. उभी राहिले आणि कागद उघडलाच नाही. "आई हसायची," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

क्वार्टरमधल्या शेवंतामावशीने चमकून माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं ती तुझी शेजारीण होती, आणि तिने तुला हसताना पाहिलंच नव्हतं. मी तरी कुठे पाहिलं होतं, तू बासष्ट वर्षांची होईपर्यंत?

तिथे जे बोलता आलं नाही ते आता लिहितेय. आणि तुला 'तू'च म्हणणार आहे. सात वर्षं चारचौघांत 'आर्याजी, तुम्ही' म्हणत आले, जीभ वळायची नाही तरी म्हणत आले. आता तू मला गप्प बसून दुरुस्त करायला इथे नाहीस.

पप्पा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते आणि तू पस्तिशीची. त्यांच्या जागेवर तुला नोकरी मिळाली, मनमाड स्टेशनवर, बायकांच्या वेटिंग रूममध्ये. दाराशी लोखंडी खुर्ची, पुढ्यात रजिस्टर, कोपऱ्यात फिनेलची बाटली. शाळा सुटली की मी तिथेच यायचे आणि तुझ्या खुर्चीमागे बसून अभ्यास करायचे. शिर्डीला जाणाऱ्या बायका, बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बायका, नवऱ्याशी भांडून निघालेल्या बायका. सगळ्या तुलाच विचारायच्या, "बाई, गाडी किती लेट आहे हो?" तू गाडीचं सांगायचीस, नळ कुठे ते सांगायचीस, कुणाचं रडणारं पोर घटकाभर मांडीवर घ्यायचीस. पण चेहरा बंद. दहावीला मला ब्याऐंशी टक्के पडले तेव्हा तू "बरं झालं" म्हणालीस आणि स्टोव्ह पेटवायला वळलीस. मी मागे उभी होते, तू परत वळशील म्हणून. तू वळली नाहीस.

मला वाटायचं, तुझा स्वभावच तसा. काही माणसं उंच असतात, काही काळी असतात, तशी काही न हसणारी असतात.

तू रिटायर झालीस तेव्हा मी सातपूरला कारखान्याच्या तपासणी विभागात होते, विलास शिफ्टमध्ये मशीनवर आणि आमची सलोनी दोन वर्षांची. तू क्वार्टर सोडून आमच्याकडे आलीस. कुणी कुणाला काही विचारलं नाही. तू येणार आणि सलोनीला सांभाळणार, हे मी गृहीतच धरलं होतं. तू सांभाळलंसही. फक्त पौर्णिमेला सकाळीच विहारात जायचीस आणि पाचच्या आत परत यायचीस.

मग एका रविवारी दुपारी आपण दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. तू सलोनीचा फ्रॉक हातात धरून म्हणालीस, "सुजा, माले एक विचारनं शे."

मनात खूप काही असलं की तू माहेरचं, नामपूरचं बोलायचीस. मी हातातलं खाली ठेवलं.

"दीक्षा घ्यायचीय मला. भिक्खुणी व्हायचंय."

मला आधी समजलंच नाही. "म्हणजे? तिथे जाऊन राहणार?"

"हो. कायमची."

"आणि मला कशाला विचारतेस? ठरवलंच असेल ना?"

"परवानगी लागते. आईबापाची, नवऱ्याची. त्यातलं कुणी उरलं नाही. थोरल्या आर्याजी म्हणाल्या, जी आहे तिची घेऊन ये."

आणि माझ्या तोंडून काय निघालं, आई? तुझे गुडघे दुखतात, हे नाही. तुझ्याशिवाय मला करमणार नाही, हेही नाही. मी म्हणाले, "आणि सलोनीला कोण बघणार?"

तू फ्रॉकची घडी पुरी केलीस. "तेही खरंच," म्हणालीस आणि उठून भाजी निवडायला बसलीस. पुढे दोन वर्षं तू तो विषय काढला नाहीस. रागाने नाही, रुसून नाही. सलोनीला बालवाडीत सोडणं, आणणं, भरवणं, सगळं आधीसारखंच. मला त्याचं ओझं व्हायचं. तू एकदा तरी आदळआपट केली असतीस तर मला भांडता आलं असतं.

शेवटी मीच भांडले. कशावरून ते आठवतही नाही, वरणात मीठ जास्त झालं असेल. मी ओरडले, "जा एकदाची तुझ्या विहारात!"

तू शांतपणे म्हणालीस, "अशी नको ग. चिडून दिलेली नको मला."

आठ दिवसांनी मी तुझ्याजवळ येऊन बसले आणि गोड आवाजात म्हणाले, "जा आई. मनापासून सांगते." ते खोटं होतं. मी मनात हिशेब केला होता, तीन महिने. जमिनीवर झोपणं, बारानंतर जेवण नाही, संध्याकाळचा दुधाचा चहा नाही, पहाटे उठून भिक्षेला फिरणं. तीन महिन्यांत तू गुडघे धरत परत येशील आणि मग हा विषय कायमचा मिटेल. मी तुला पाठवलं ते तू हरून यावीस म्हणून.

दीक्षेच्या दिवशी तुझे केस झेलायला पांढरं कापड धरून मला समोर बसवलं. लांब, अर्धे पिकलेले, खोबरेल तेलाचा वास असलेले केस. लहानपणी त्याच वासाने मला कळायचं की तू कामावरून आलीस. कापडात एकेक बट पडत होती आणि तू डोळे मिटून बसली होतीस. मग तू आत गेलीस ती काषाय चीवर घालून बाहेर आलीस. थोरल्या आर्याजींनी तुझं नवं नाव सांगितलं, मुदिता. दुसऱ्याचं सुख बघून आपल्याला होणारा आनंद, असा अर्थही सांगितला. मी विलासच्या कानात पुटपुटले, "हिला? हे नाव?" त्याने मला कोपराने गप्प केलं.

नंतर सगळ्यांनी तुला वंदन केलं. मीही केलं, तीनदा. डोकं टेकवलं तेव्हा तुझ्या भेगा पडलेल्या टाचा अगदी डोळ्यांसमोर होत्या. एरवी मी वाकले की तुझा हात पाठीवर यायचाच. मी वाट बघत तशीच राहिले. हात आला नाही. मान वर करून पाहिलं तर तुझे दोन्ही हात मांडीत होते. नियम असेल, असू दे. पण त्या दिवशी माझ्या पाठीला जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

तीन महिने झाले. सहा झाले. मी दर दोन-तीन आठवड्यांनी यायचे आणि तुझ्यात थकवा शोधायचे, कारखान्यात पार्टमध्ये चीर शोधते तशी. एकदा टेकडी चढत होते तर वरून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. कुणीतरी अगदी ठसका लागेपर्यंत हसत होतं. वर आले तर ती तू. पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही सहाजणी पालीचा धडा घेऊन बसला होतात. सातवी शिकलेली तू, त्रेसष्टाव्या वर्षी दुरेघी वहीत शब्द गिरवत होतीस आणि कसलातरी उच्चार चुकून भलताच अर्थ झाला होता. तू तोंडावर वही धरून हसत होतीस. डोळ्यांतून पाणी. मला बघून म्हणालीस, "तू उनी का व माय? ये ये, बस, ऐक काय झालं ते."

मी बसले. ऐकलं. हसले नाही. तुझा एक दात किडलेला आहे, हे मला त्या दिवशी कळलं. चौतीस वर्षं मी तुझी मुलगी होते आणि तुझे मागचे दात मी कधी पाहिले नव्हते.

मग ते कळण्याच्या भाकरीचं झालं. मी हाफ डे टाकला, सकाळी उठून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या, वांगी भाजून भरीत केलं, तुझ्या माहेरचं. नाक्यावर गाडी लवकर मिळाली नाही. धापा टाकत वर पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. तू डब्याचं झाकण उघडलंस, डोळे मिटून लांब वास घेतलास आणि म्हणालीस, "बारा वाजून गेले ग सुजा." आणि हसलीस.

"एक घास खा," मी म्हणाले. "एक घासाने काय होतं?"

"नको ना. पण थांब, बघ."

खालच्या बागेतल्या बायका दुपारच्या सुट्टीत सावलीला येऊन बसायच्या. पेठ-सुरगाण्याकडच्या, छाटणीच्या कामाला आलेल्या. तू त्यांना हाक मारलीस आणि तुझ्यासाठी केलेली भाकरी आपल्या हाताने त्यांना वाढलीस. समोर बसून त्यांचं खाणं बघत राहिलीस. "तिखट लागतंय का? हिने केलंय." तुझा चेहरा असा झाला होता की जणू तूच जेवत होतीस.

मला सहन झालं नाही. तुला चिंचेच्या झाडाकडे ओढत नेलं आणि विचारलं, "आमच्याबरोबर तू सुखी नव्हतीस का?"

"असं का विचारतेस?"

"खरं सांग. माझ्या दहावीला हसली नाहीस. माझ्या लग्नात हसली नाहीस. सलोनी झाली तेव्हा नाही. इथे येऊन वही तोंडावर धरून हसतेस. आम्ही काय कमी केलं तुला?"

मला वाटलं, आता उपदेश येणार. पण तू वेटिंग रूममधल्या बायकांशी बोलायचीस तशी साधी बोललीस. "होते सुखी. तुझ्याकडे बघितलं की आणखी काही नको वाटायचं, इतकी होते. पण भीती सुटायची नाही ग. तुझे पप्पा सकाळी डबा घेऊन गेले ते आलेच नाहीत. त्यानंतर तू हसलीस तरी मला भीती वाटायची. चांगले मार्क पडले, भीती. पोर झालं, भीती. आपण हसलो तर कुणाची तरी नजर लागेल आणि तुलाही घेऊन जाईल. म्हणून वळून स्टोव्ह पेटवायचे."

"आणि आता नाही वाटत भीती?"

"कमी झाली. रोज बसून बसून कमी केली."

"मग आता मी पडले, मला काही झालं, तर तुला काही वाटणार नाही?"

"वाटेल. येईन धावत." मग म्हणालीस, "पण तू धड असतेस त्या दिवशी आता मला झोप लागते."

मला ते उत्तर आवडलं नाही. मी तुला आपमतलबी म्हणाले. रिकामा डबा घेऊन उतरले आणि दोन महिने फिरकले नाही. तू दर रविवारी विहाराच्या फोनवरून फोन करायचीस, "एक नवीन सुत्त पाठ झालं, म्हणून दाखवू?" मी म्हणायचे, "कुकर लावलाय." त्या दोन महिन्यांतली बुद्धवचनांची ती आठ-नऊ सुत्तं मी ऐकली नाहीत. आता कुणाकडून ऐकू?

यंदा हिवाळा सुरू होताना तुझ्या पोटात गाठ सापडली. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले आणि मी त्याच दिवशी ठरवलं की तुला घरी न्यायचं. थोरल्या आर्याजींनी अडवलं नाही. तूही नाही म्हणाली नाहीस. मला आत कुठेतरी आनंद झाला होता, हे तुला सांगायचं राहिलं. आजारामुळे का होईना, तू माझ्याकडे आलीस, असा आनंद.

अकरा दिवस होतीस. मी सुट्टी टाकली होती. तुझ्या अंगाला तेल लावलं, पेज भरवली, बाराच्या आत. शेजारच्या बायका येऊन वंदन करायच्या, तू दोन शब्द बोलायचीस. बाकी वेळ खिडकीशी खुर्चीत बसून राहायचीस. कंपन्यांचे भोंगे वाजायचे, शिफ्ट सुटायची, रस्ता मोटारसायकलींनी भरायचा, रिकामा व्हायचा. आठव्या दिवशी विलास स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, "आई पाहुण्यासारख्या बसतात गं." मी बाहेर येऊन पाहिलं. तोच चेहरा होता, दाराशी लोखंडी खुर्चीवर बसणारा, बंद. माझ्या घरात येऊन तू पुन्हा माझी आई झाली होतीस, आणि मला ती नको होती. मला ती वही तोंडावर धरणारी हवी होती.

अजून तीन दिवस मी स्वतःशी भांडले. मग म्हणाले, "चल, सोडते तुला वर."

"तू दमशील येऊन-जाऊन," तू म्हणालीस.

"दमेन."

विलासने मित्राची रिक्षा आणली. म्हसरूळ मागे पडलं तशी तू ताठ बसायला लागलीस, एकेक बाग बघायला लागलीस. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आई, तेव्हा मनापासून जा म्हणाले ना, ते खोटं होतं. तू तीन महिन्यांत परत यावीस म्हणून म्हणाले होते."

"माहीत होतं."

"काय?"

"तुझं खोटं मला कळत नाही होय? म्हणून तर घाईने निघाले, तू बदलायच्या आत." आणि तू हसायला लागलीस. पोटात दुखत होतं, हाताने पोट दाबून हसत होतीस. मीही हसले. पुढून विलास विचारत होता, काय झालं, काय झालं. आपण दोघी एकत्र हसल्याचं मला हे एकदाच आठवतं.

नंतरचे पाच आठवडे मी दुसऱ्या पाळीला जायचे आणि सकाळ तुझ्याजवळ काढायचे. तू वाळत गेलीस, पण चेहरा उघडा होता. बागेतल्या बायका दाराशी येऊन बसायच्या, तू पडल्यापडल्या त्यांना श्वासाकडे बघायला सांगायचीस, आणि एखादी बसल्याबसल्या घोरायला लागली की मला डोळ्यांनी दाखवायचीस. औषध द्यायला वर येणाऱ्या परिचारिकेने माझ्याबद्दल विचारलं तेव्हा खरं तर 'उपासिका', विहारात येणाऱ्यांतली एक, एवढंच म्हणायला हवं होतंस. तू म्हणालीस, "मन्ही आंडेर शे." माझी मुलगी आहे. सात वर्षांनी. थोरल्या आर्याजी तिथेच होत्या. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

शेवटच्या सकाळी मी तुझं तोंड पुसलं, चीवर नीट केलं. तू जास्तच दमलेली होतीस. मी म्हणाले, "आज नाही जात कामाला." तू म्हणालीस, "जाय. किती सुट्ट्या करशील? उद्या ये." मी साडेनऊला निघाले. दारातून वळून पाहिलं, तुझे डोळे मिटलेले होते.

दहाच्या सुमारास तू गेलीस. बाकीच्याजणी सुत्त म्हणत होत्या. थोरल्या आर्याजींनी मला नंतर सांगितलं की मध्येच तू डोळे उघडलेस, त्यांना वाटलं आता काही धम्माचं बोलशील, म्हणून त्या वाकल्या. तू विचारलंस, "तिला गाडी मिळाली का?" त्या म्हणाल्या, "मिळाली." मग तू डोळे मिटलेस.

मिळाली नव्हती, आई. हे मी त्यांना सांगितलं नाही, फक्त तुला सांगतेय. मी तासभर खाली फाट्यावरच उभी होते. एक बस न थांबता गेली, एक जीप भरलेली गेली. टेकडी समोर होती, दहा मिनिटांचा चढ. वर यायचं मनातही आलं नाही. साडेदहाला एक काळीपिवळी थांबली, मी बसले आणि फोन वाजला.

नऊ दिवस हेच डोक्यात आहे, की मी इतक्या जवळ होते. पण त्या तासात मी काय करत होते, तेही सांगते. दगडावर बसले होते. ऊन कोवळं होतं, बागेत बायका घड विरळ करत होत्या आणि काहीतरी गात होत्या. वर शेडचा पत्रा चमकत होता. तू तिथे आहेस, तुझ्या माणसांत आहेस, उद्या मी येणार आहे, एवढंच मनात होतं. दीक्षेपासूनचा राग आत शोधला, सापडला नाही. गाडी येत नव्हती आणि मला घाई नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी तुझी काळजी न करता तुझा विचार करत बसले होते.